करवंटीतलं बाळंतपण

फुनके ताटात आले आणि मागून कढी आलीच नाही, तेव्हा माझं डोकं फिरलं.

फुनके म्हणजे भिजवलेली डाळ भरड वाटून, लसूण-मिरची घालून वाफवलेले मुटके. आमच्या खानदेशात ते कढीत कुस्करूनच खातात. नुसते खाल्ले तर घशाखाली उतरत नाहीत. त्यात मला पाचवा महिना लागलेला. सकाळी डोळे उघडल्यापासून जिभेला आंबट हवं असायचं, आणि इथे सासूबाई कोरड्या फुनक्यांवर तुपाची धार धरत होत्या.

"कढी कुठेय?" मी विचारलं.

"कढी नई करी."

"का?"

"खट्टं नको खाऊ. खट्टाघाई आंडोर व्हस. तूच तं सांगं."

आंडोर म्हणजे मुलगा आणि अंडेर म्हणजे मुलगी. माझ्या सासूबाईंना, प्रमिलाबाईंना, अंडेर हवी होती. नातू पाहिजे म्हणून सुनेला छळणाऱ्या सासवा मी पुष्कळ ऐकल्या होत्या. नात पाहिजे म्हणून सुनेची कढी बंद करणारी सासू सुरतच्या अख्ख्या भेस्तानात एकच असेल आणि ती माझ्याच वाट्याला आली होती. मी त्यांना आत्याबाई म्हणते, सासऱ्यांना मामा. नात्यात आम्ही कोणी नव्हतो, पण आमच्याकडे म्हणायची पद्धत तशी.

"मी माशांबद्दल सांगितलं होतं, आत्याबाई," मी म्हटलं. "माणसांबद्दल नाही."

"जीव तो जीव. खाय आते, थंडं व्हई जाई."

मामा शेजारी बसून मुकाट जेवत होते. मामांचं नाव धुडकू. सारं आयुष्य लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, पण किती कमी ते त्यांच्या सोयीवर असायचं. माझा नवरा भूपेंद्र पर्वत पाटियाच्या मार्केटात साड्यांच्या दुकानावर बसतो. तो घरात अर्धं गुजराती बोलतो आणि आईसमोर अजिबात बोलत नाही. त्यानेही मान खाली घालून फुनके संपवले. मला इतका राग आला की मी तीन फुनके कोरडेच खाल्ले.

आता त्या माशांचं सांगायला हवं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्याआधी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, तेव्हा माझा प्रकल्प एका आफ्रिकन माशाच्या प्रजननावर होता. नायजेरियाच्या दक्षिणेला जे संथ, सावलीतले ओढे आहेत, तिथला हा मासा. बोटाएवढा. इथे दुकानदार त्याला क्रिब म्हणतात. मी नायजेरिया नकाशावरच पाहिलाय, पण क्रिबच्या बाळंतपणाबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं माझ्या स्वतःच्या बाळंतपणाबद्दल नव्हतं. प्रकल्प संपल्यावर एक जोडी मी घरी आणली. लग्नानंतर सासरच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी टाकी ठेवली. तळाशी वाळू, आणि वाळूवर उपडी ठेवलेली नारळाची करवंटी. करवंटीच्या कडेला मासा आत जाईल एवढं भोक.

या माशांत पुढाकार मादी घेते. दिवस भरत आले की तिचं पोट पिकलेल्या जांभळासारखं रंगतं. मग ती नरासमोर जाऊन अंग वाकवते, पोट दाखवते, थरथरते. नराने लक्ष दिलं नाही तर पुन्हा जाते. आत्याबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "बठ्ठी लाज सोडी दिन्ही हिनी." आणि मग चहाचा कप घेऊन तिथेच बसल्या, पुढचं बघायला.

पुढे मादी करवंटीत शिरते आणि छतालाच अंडी चिकटवते. आत ती एकटी थांबते, शेपटीने वारा घालते, खराब झालेली अंडी वेचून काढते. नर बाहेर पहारा देतो. तो फार जवळ आला तर ती त्यालाही हाकलते. पिल्लं पोहायला लागली की मात्र दोघं मिळून त्यांना फिरवतात.

माझी चूक एवढीच की कोणी प्रश्न विचारला की पूर्ण उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. एकदा जेवताना आत्याबाईंनी विचारलं की टाकीतलं पाणी चहासारखं का दिसतं, घाण झालं का. मी सांगितलं की मीच सोसायटीतल्या देशी बदामाची वाळलेली पानं त्यात टाकते. त्याने पाणी किंचित आंबट होतं, त्या ओढ्यांसारखं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणाले की या माशांची गंमत अशी, पिल्लं लहान असताना पाणी जास्त आंबट असेल तर त्यांत नर जास्त निघतात, आणि आंबटपणा कमी असेल तर माद्या जास्त.

आत्याबाईंचा घास हातातच राहिला.

"म्हंजे खट्टाघाई आंडोर?"

"माशांत. या माशांत. आणि सगळेच नाही, प्रमाण बदलतं."

"आनी खट्टं नसनं तं अंडेर."

"आत्याबाई, माणसात ते असं..." मी गुणसूत्रांपर्यंत गेले. बापाकडून काय येतं, आईकडून काय येतं, ते तर गर्भ राहतानाच ठरतं, सगळं सांगितलं. नववीच्या वर्गाला जेवढं सांगते त्याहून जास्त सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लिंबाची बरणी माळ्यावर ठेवली.

मग चिंच गेली. दही गेलं. कैरी दारावरून परत गेली. शाळेतून येताना मी लारीवर पाणीपुरी खाल्ली तर आत्याबाईंना माझ्या तोंडाकडे बघून कळलं. रविवारी भूपेंद्रने लोचो, म्हणजे डाळीचा मऊ वाफवलेला सुरती फरसाण, आणला, तर त्यांनी त्याच्यासोबतचं लिंबू काढून आपल्या पिशवीत टाकलं. मी भूपेंद्रला म्हटलं, आईला समजाव. तो म्हणाला, "थई जशे, थोडा दिवस." थोडे दिवस! याला नऊ महिने पोट बांधून फिरवायला हवं होतं.

खरं सांगायचं तर मला आंबटाचं एवढं दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात माहेरचा माणूस घ्यायला येतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की सासरचे त्याला पाणी देतात, जेवू घालतात, सुनेची ओटी भरतात आणि तिला त्याच्यासोबत पाठवतात. मुराळी आल्याशिवाय सून आपणहून निघत नाही, आणि सासरचेही तिला ठेवून घेत नाहीत. ठेवून घेतलं तर माहेराचा अपमान होतो. तुमच्यात लेकीचं बाळंतपण करायची ऐपत नाही, असं म्हटल्यासारखं होतं.

माझे आई-वडील दोघंही माझ्या लग्नाआधीच गेले. भाऊ किरण पुण्याला कंपनीत आहे, तीन मित्रांबरोबर एका खोलीत राहतो. उरली अमळनेरची काकू. माझं लग्न तिनेच लावून दिलं. तिसरा महिना संपता संपता मी तिला फोन केला होता. ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "योगिता, वाईट वाटून घेऊ नकोस. पण आमचं घर म्हणजे तुला माहीतच आहे." मी म्हटलं, माहीत आहे काकू. तिचं घर खरंच लहान आहे. तिचा राग नाही मला. पण फोन ठेवल्यावर मी शाळेच्या जिन्यात बराच वेळ उभी होते.

आत्याबाई अधूनमधून विचारायच्या, "तुनी काकूना काय निरोप शे?" मी म्हणायचे, येईल. त्या मान डोलवायच्या. शेजारणी विचारायच्या तेव्हा आत्याबाईच ताठ मानेने सांगायच्या, "वहू अमयनेरले जाई. तठला मुराई येवाव शे." आणि मी आत जाऊन भांडी घासायला घ्यायचे. सातवा महिना लागेल आणि दाराशी कोणी येणार नाही. मग ह्या काय म्हणतील, लोक काय म्हणतील, आणि कळा सुरू होतील तेव्हा माझ्या उशाशी कोण बसेल, एवढाच विचार डोक्यात फिरत असायचा. आई असती तर लिंबू चोखत बसले असते आणि तिने उलट मीठ लावून दिलं असतं. हे आठवलं की कढीसाठीही रडू यायचं.

सहावा सरत आला तेव्हा क्रिबने करवंटीत अंडी घातली. मोबाइलचा टॉर्च लावून मी सगळ्यांना दाखवलं. छताला मोहरीएवढे दाणे, आणि खाली जांभळ्या पोटाची आई, डोळे वटारून आमच्याकडे बघत होती. आत्याबाई हात जोडायच्याच बाकी होत्या.

पुढच्या रविवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर टाकीत गोंधळ होता. नर काचेवर धडका देत होता. पाण्यावर पांढरट साय. आत्याबाई बाजूला उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पापडखाराची पुडी होती.

"काय टाकलंत?"

"उलसाक खार. खट्टं मारी टाकस तो." त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. "पहिले मासोयीवर देखी लेवानं, मंग तुले देवानं, आसं इचार करं मी."

प्रयोग आधी प्राण्यांवर करतात, हे मीच शाळेत शिकवते. दुसऱ्या कोणत्या दिवशी मला हसू आलं असतं.

मी ओरडले. मला ओरडता येतं हे त्या घराला तेव्हा कळलं. भूपेंद्र दाढी अर्धी टाकून धावत आला, "शुं थयुं, शुं थयुं?" मामाही आले, म्हणजे त्यांनासुद्धा ऐकू गेलं होतं. बाल्कनीत पानं घालून मुरवलेलं पाणी बादल्यांत भरून ठेवलेलं असतं. मी सांगत होते, भूपेंद्र नळीने टाकीतलं पाणी काढत होता, मामा थांबून थांबून तांब्या-तांब्याने नवं पाणी सोडत होते. आत्याबाई फरशी पुसत होत्या. नर हळूहळू शांत झाला. मादी बाहेर आलीच नव्हती. तिचे कल्ले भात्यासारखे हलत होते, रंग उडाला होता, पण ती करवंटीतून हलली नाही. अंड्यांना वारा घालत राहिली.

तिच्याकडे बघता बघता माझा बांध फुटला.

"आणि एवढं करून मुलगा झाला तर?" मी आत्याबाईंना विचारलं. "तर काय करणार? परत पाठवणार?"

"योगिता," भूपेंद्र म्हणाला.

"तू गप. सहा महिने गप्पच आहेस."

आत्याबाई फरशीवरच बसल्या. ओलं फडकं मांडीवर. त्या बोलल्या, माझ्याशी की फडक्याशी, कळलं नाही.

"तिन्ही पोरेच व्हयनात माले. चांगला शेतस. पन पोरे बाहेर जातस, अंडेर घर येस. जुनी गल्लीमा बठ्ठ्यासना घर पोरी उन्यात बायतपनले. ओटा भरी जाय. डिंकना लाडूना वास ये. मी दारमा हुभी ऱ्हाऊ. मना दारमा कोनी माहेरले उनं नई. मी कोनंच माहेर नई, योगिता. आते तुले व्हयनी तं निदान नात तरी येई, मोठी व्हई, आपली आजीकडे येई, आसं वाटे."

मामांनी तांब्या खाली ठेवला.

मला वाईट वाटलं. पण रागात माणूस थांबत नाही, आणि मी तर मुळीच नाही.

"तुमच्याकडे कोणी येणार नाही," मी म्हटलं, "आणि मला न्यायला कोणी येणार नाही. काकू नाही म्हणाली. तीन महिने झाले. अमळनेरहून मुराळी-बिराळी कोणी येणार नाहीये. सांगून ठेवा शेजारणींना."

आत्याबाई उठल्या, फडकं पिळलं, आणि स्वयंपाकघरात गेल्या.

त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागल्या. ताट वेळेवर यायचं, गरम पाणी यायचं, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच. मला वाटलं, झालं. आता ही बाई मनातून उतरवणार मला. माहेर नसलेली सून पदरात पडली, ह्याचा हिशेब मांडत असणार. भूपेंद्र म्हणाला की तसं काही नाही. मी त्याला विचारलं, मग कसं आहे? त्याला ते माहीत नव्हतं.

अंड्यांपैकी बरीच पांढरी पडली होती. मादीने ती एकेक करून काढून टाकली. उरलेल्यांचं काय होतंय हे मी बघायचंच सोडलं. म्हटलं, उगीच आशा नको.

आणि मग एका दुपारी आत्याबाईंची किंकाळी ऐकू आली. मी जमेल तेवढ्या वेगाने हॉलमध्ये आले.

"खाई टाकं! बापनी खाई टाकं!"

करवंटीच्या बाहेर पिल्लं निघाली होती. पापणीच्या केसाएवढी, वाळूवर उडणारा एक छोटासा ढग. आई त्यांच्या वर तरंगत होती, पोट पुन्हा जांभळं. एक पिल्लू भरकटून काचेपाशी गेलं होतं आणि बापाने ते तोंडात घेतलं होतं.

"थांबा," मी म्हटलं. "बघत राहा."

नर करवंटीपाशी गेला आणि त्याने पिल्लू थुंकून टाकलं, बरोब्बर बाकीच्यांच्या मधोमध. पिल्लू गिरकी घेऊन पोहायला लागलं. आत्याबाईंनी छातीवर हात ठेवला.

"आगं माय वं! तोंडमा धरी लई उना."

"दोघंही करतात तसं. कोणी लांब गेलं की उचलून आणतात."

आम्ही दोघी टाकीसमोर बसलो. पापडखारानंतर पहिल्यांदाच अशा शेजारी शेजारी. त्यांनी विचारलं, यात नर किती, मादी किती. मी म्हटलं, अजून कळणार नाही, मोठे झाले की कळेल, महिने जातील.

"मंग आतेपास्ना कसाले देखानं," त्या म्हणाल्या. "जे व्हई ते आपलं."

एवढं सहज म्हणाल्या की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्या पुढच्याच विचारात होत्या.

"हिनं माहेर कोठे शे म्हने?"

"नायजेरिया. आफ्रिकेत. तिथल्या ओढ्यातले हे मूळचे. हिच्या आज्या-पणज्या कधीतरी आल्या असतील तिथून."

"लांब शे?"

"समुद्रापलीकडे."

"मंग हिले लेवाले तठेन कोनी उनं नई."

"माशाला कोण येणार, आत्याबाई?"

"तरी बायतपन व्हयनंच ना. आठेच. मना टीव्हीना बाजूले." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "घर चांगलं भेटनं तिले, दुसरं काय."

त्या संध्याकाळी त्या मामांशी खोलीचं दार लावून बोलत बसल्या होत्या. मामांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलावं लागतं, तरी त्या दिवशी एक शब्द बाहेर आला नाही.

सातवा लागला. रविवारी सकाळी आत्याबाईंनी मला उठवलं आणि म्हणाल्या, "आंग धुई ले. हिरवं लुगडं नेस. बॅग भरी ठेयेल शे तुनी."

दाराशेजारी बॅग उभी होती. माझे कपडे, माझी औषधं, डॉक्टरांची फाइल. यांनी परस्पर काकूशी बोलून घेतलं होतं तर. काकू लाजेकाजेने हो म्हणाली असणार, आणि आता मी त्या लहान घरात, नको असलेली पाहुणी म्हणून जाणार. मी भूपेंद्रकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर रडले असते, आणि रडत रडत मला सासर सोडायचं नव्हतं.

आत्याबाईंनी पाट मांडून माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण, हळकुंड. तेवढ्यात बेल वाजली.

दारात मामा उभे होते. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, हातात कापडी पिशवी. सकाळपासून घरात दिसले नव्हते ते का, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"राम राम, येहीनबाई," मामा आपल्याच बायकोला विहीण म्हणत खणखणीत आवाजात म्हणाले. "पोरले लेवाले उनू."

आत्याबाईंनी डोक्यावर पदर ओढला आणि जन्मभराच्या नवऱ्याला पाणी आणि गूळ पुढे केला. "या, बसा. गावमा बठ्ठं बरं शे ना?"

"बरं शे. पानी-पाऊस चांगला शे."

"पोरनी वाट देखी ऱ्हाइनी व्हई तिनी माय?"

"कव्हयपास्ना देखी ऱ्हाइनी," मामा म्हणाले. त्यांनी गूळ तोंडात टाकला.

"आत्याबाई," मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"मुराई उना तुना. पाया पड सासूना आनी निंघ. येळ व्हई ऱ्हायना."

मी पाया पडले. काय करतेय ते मला कळत होतं आणि कळतही नव्हतं. मामांनी माझी बॅग उचलली. सासऱ्याने सुनेची बॅग उचललेली मी कधी पाहिली नव्हती. मी घ्यायला गेले तर म्हणाले, "मुराईनंच काम शे ते." आम्ही जिना उतरलो. ते एक पायरी पुढे आणि दर पायरीला मागे वळून बघत. सोसायटीच्या गेटपाशी भाजीच्या लारीवाल्याने विचारलं, "क्यां चाल्या, बेन, बॅग लईने?"

"पियर!" मामांनीच उत्तर दिलं. माहेरला गुजरातीत पियर म्हणतात. मामा इतक्या जोरात बोलले की समोरच्या बाल्कनीतल्या दोघी तिघी वाकून बघायला लागल्या. मग आम्ही बिल्डिंगला एक वळसा घातला, बदामाच्या झाडाखाली मामांनी मला थोडं बसवलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. प्रवासाला निघालेल्या माणसाला देतात तशी. आणि परत आम्ही तोच जिना चढलो.

दार बंद होतं. मामांनी बेल वाजवली.

आत्याबाईंनी दार उघडलं. त्यांनी साडी बदलली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर होता, आणि हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. त्यांनी माझ्यावरून तुकडा ओवाळून टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं, ओला हात माझ्या डोळ्यांना लावला. "उनी वं मनी माय," म्हणाल्या, आणि मला धरून आत नेलं.

भूपेंद्र हॉलमध्ये उभा होता. "आई, मग मी कोण?"

"तू जवाई. जवाई रविवारले येस, जेवस, आनी आपला घर जास."

"आज रविवारच आहे."

"मंग आज जेवी जा."

भूपेंद्र हसला, मामा हसले. मी मात्र खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते, कारण कोणाकडेही बघितलं असतं तरी माझं काही खरं नव्हतं. मामा पाय धुवायला मोरीत गेले. भूपेंद्र बॅग आत ठेवायला गेला. आत्याबाई माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मोरीकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"सासरले बरं शे ना, माय? सासू तरास तं नई देस?"

त्या थट्टा करत नव्हत्या. डोळे भरलेले होते आणि त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या. लग्न झाल्यापासून हे मला कोणीही विचारलं नव्हतं. विचारणारी माणसं त्याआधीच गेली होती, आणि इथे तर विचारायचं कोणी, हाच प्रश्न होता. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडले. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. उत्तरासाठी त्यांनी घाई केली नाही.

"चांगली शे," मी शेवटी म्हटलं. "पन तिले सांगू नको."